जानरावणे

अमरावती, कार्तिक वद्य पंचमी, शके १७८५

मित्र जानराव यास ओट्यावरून चिंतामणचा नमस्कार.

तू अकोल्यास सुखरूप पोचलास हे आम्हाला गाडीवानाकडून कळले. तुझ्याकडून कळायला हवे होते. पण कापसाच्या वखारीत दलाल झालेल्या माणसाने शाळेतल्या पंतोजीला पत्र लिहावे असा कायदा सरकारने अजून केलेला नाही, तेव्हा मीच लिहितो.

ओटा सुना झाला आहे. सूर्यभान रोज संध्याकाळी येतो, आपल्या जागी बसतो, अंबादरवाजा उघडतो आणि घरी जातो. हेच मी दुसऱ्या कोणाला लिहिले असते तर त्याने विचारले असते, अहो, वेशीच्या किल्ल्या सूर्यभानाकडे कधी आल्या? त्याची जांभई अमरावतीच्या अंबादरवाज्याएवढी असते हे जगात आपल्या तिघांनाच ठाऊक. चौथ्याला ते सांगून कळत नाही आणि सांगितले तर मजा जाते.

परवा बसल्या बसल्या माझ्या मनात आले, आपले हे शब्द होतात तरी कसे? आपण काही ठरवून करत नाही. कोणीतरी बोलून जातो, बाकीचे दोघे हसतात. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा बोलतो, पुन्हा हसतात, पण जरा कमी. मग एक दिवस असा येतो की ते बोलले जाते आणि कोणी हसत नाही, नुसते कळते. त्या दिवशी तो शब्द झाला. त्याआधी ती नुसती थट्टा.

सगळ्यांत मोठा मान मात्र तुझ्याच शब्दाचा. दुर्गावहिनी रुसून नांदगाव खंडेश्वरला माहेरी गेल्या होत्या, तू नवा फेटा बांधून त्यांना आणायला गेलास, आणि गावाबाहेरच्या विहिरीपासून एकटाच परत आलास. आम्ही विचारले, "काय झालं बे?" तू म्हणालास, "काई नाई. विहिरीलोक गेलो, अन् जानरावलो." सूर्यभान हसून हसून ओट्यावरून खाली पडला. दुसऱ्या दिवशी वहिनी आपल्या आपण गाडीत बसून आल्या, तो भाग निराळा.

आता बातमी ऐक. तुझा शब्द बाजारात गेला. वलगावचा एक शेतकरी आपल्या गाड्या घेऊन आला होता. अडत्याने रुमालाखाली त्याचा हात धरला, बोटे दाबून भाव ठरला, सगळे जुळले, आणि ऐन वेळी त्याने रुमालातून हात काढून घेतला. सूर्यभान शेजारी उभा होता. त्याच्या तोंडून निघाले, "हा जानरावला!" अडत्याने अर्थ विचारला. दुसऱ्या दिवशी तो अडत्याच हा शब्द बोलत होता. चौथ्याला कळत नाही म्हणालो ना मी? कळला.

उत्तर पाठव. पाठवायला बसून जानरावू नकोस.

तुझा चिंतामण

*

अकोला, पौष शुद्ध द्वितीया, शके १७८५

राजमान्य राजश्री चिंतामणपंत यांस जानराव पाटील वलगावकर याचा दंडवत. एवढे वरचे जगासाठी. खालचे तुझ्यासाठी.

चिंतामण, माझा शब्द तुझ्या पत्राआधी अकोल्यास पोचला आहे! तुझे पत्र यायच्या आदल्या आठवड्यात बाजारात दोन गाडीवान भांडत होते. एक दुसऱ्याला म्हणाला, "जानरावून कावून राहिला बे? सोडाचा असंन त सोड, नाई त गाडी हलव." मी जवळ गेलो आणि विचारले, "दादा, हा शब्द कुठला?" तो म्हणाला, "आमच्याकडचाच हाय, लय जुना." लय जुना! मला तिथेच बोंड फुटले. लोक पाहू लागले की हा दलाल एकटाच उभा राहून का हसतो.

तिकडे ओट्यावर या शब्दात थोडी थट्टा होती. इथे नाही. कापसाचा भाव आज आहे त्याहून उद्या चढा असतो. ज्याने रुमालातून हात काढला तो दुसऱ्या दिवशी जास्त मिळवतो. म्हणून इथे 'जानरावला' म्हणजे शहाणा निघाला. अरे, पाठीवर थाप मारून बोलतात, "वा, काय जानरावलास!"

मग मी काय केले असेल? सांगून टाकले. मीच तो जानराव. आधी कोणाला खरे वाटेना. मग विहिरीची गोष्ट सांगितली, तेव्हा वखारीत असा हशा झाला की साहेबाचा मुनशी बाहेर येऊन पाहून गेला. आता गाडी बाजारात शिरायच्या आधी लोक मला बोलावतात आणि जुवाला माझा हात लावून घेतात. म्हणतात, जानरावचा हात लागला की भाव चढतो. दुर्गाला सांगितले तर ती म्हणाली, "एवढे हात लावता, तर त्या दिवशी माझ्या बापाच्या दाराला का नाही लावला?"

मनकर्णा मोठी होत आहे. बाहेर पोरी तिला म्हणतात, तुझ्या बापाचा शब्द आहे. ती ताठ चालते.

तुझा आणि बाजाराचा, जानराव

*

अमरावती, माघ वद्य एकादशी, शके १७८५

मित्र जानराव यास नमस्कार.

तुझे पत्र ओट्यावर मोठ्याने वाचले. दोनदा वाचले, कारण पहिल्या वेळी सूर्यभान मध्येच हसत सुटला.

सांग, सगळ्यांना सांग. लाजायचे कशाला? माणसे देवळे बांधतात, घाट बांधतात, तरी पुढच्या पिढीला नाव आठवत नाही. तुझे नाव कोणी दगडात कोरले नाही, पण रोज सकाळी बाजार त्याच नावाने सुरू होतो. इथे शाळेतही पोरे बोलतात. कोणी पाढा म्हणता म्हणता अडला की मागून आवाज येतो, "जानरावला, गुरुजी!" मी छडी उचलतो, पण मला हसू येते आणि पोरांना ते दिसते.

चिंतामण

*

अकोला, आषाढ शुद्ध नवमी, शके १७८७

चिंतामणपंत यांस जानरावचा दंडवत.

फार दिवसांनी लिहीत आहे. लिहिण्यासारखे नव्हते असे नाही. लिहावेसे वाटत नव्हते.

अमेरिकेतली लढाई संपली, तिकडचा कापूस पुन्हा विलायतेस जाऊ लागला, हे तुझ्या शाळेतही कळले असेल. इथे ते एका दिवसात कळले. साऱ्या वऱ्हाडाने कापूस घरात दाबून ठेवला होता. उद्या चढेल, परवा चढेल. आता तो कोणी विचारीत नाही. ज्यांनी हात काढून घेतले त्यांचे हात तसेच रिकामे राहिले.

आणि त्यांना काय म्हणतात ते तुला सांगायला नको.

शब्द तोच आहे. पण आता तो पाठीवर थाप मारून बोलत नाहीत. कोणाच्या घरी माणसे मान खाली घालून बसलेली असली, की बाहेरचा एकजण दुसऱ्याला हळूच सांगतो, "जानरावले." बस. विहीर गेली, फेटा गेला, हसू गेले. आता त्याचा अर्थ बुडाला, बसला, घरातला दिवा विझला. दोन वर्षांत एवढा बदलला. मी तोच आहे, चिंतामण. मी काही बदललो नाही.

कोणी शिव्या देत नाही. दिल्या असत्या तर बरे होते, मीही दिल्या असत्या. सकाळी भवानी व्हायच्या आधी मी बाजारात गेलो, तर माणसे नुसती दुसरीकडे पाहतात. गाडीच्या जुवाला हात लावायला बोलावणारे तेच लोक आता माझी सावली गाडीवर पडू नये म्हणून बैल बाजूला घेतात. मीच सांगत फिरलो होतो ना, मीच तो जानराव म्हणून? ते कोणी विसरत नाही.

तू आणि सूर्यभान तिथे आहात. तो शब्द ओट्यावरून निघाला. ओट्यावर तो बंद करा. झरा आटला तर नदीही आटते, असे मला वाटते.

जानराव

*

अमरावती, श्रावण वद्य तृतीया, शके १७८७

मित्र जानराव यास नमस्कार.

तुझे पत्र वाचून मी आधी हसलो, हे खरे सांगतो. मला वाटले तू थट्टा करीत आहेस. सूर्यभानने ते माझ्या हातातून घेतले, वाचले, आणि अंबादरवाजा न उघडता उठून गेला. तेव्हा मला कळले.

आम्ही जे केले ते सांगतो. शाळेत मी सक्त ताकीद दिली की हा शब्द बोलेल त्याला छडी. परिणाम असा झाला की ज्या पोरांना तो ठाऊक नव्हता त्यांनाही ठाऊक झाला. मग आम्ही म्हटले, मनाई करून जमत नाही, तर दुसरा शब्द देऊ. सूर्यभानने आपले नाव पुढे केले. म्हणाला, "माह्या नावानं घ्या. मले ना पोरगी, ना दलाली." तो बाजारात जाऊन ज्याला त्याला सांगू लागला, अमका सूर्यभानला, तमका सूर्यभानला. लोकांनी विचारले, "कोन सूर्यभान?" एकाने त्याला घरी नेऊन सरबत पाजले, त्याला वाटले ऊन लागले. मीही माझे नाव चालवून पाहिले. 'चिंतामणला.' ओट्यावरसुद्धा चालले नाही, जानराव. आम्ही दोघे एकमेकांना बोललो आणि एकमेकांकडे पाहत राहिलो. नवसाने पोर होते म्हणतात, शब्द होत नाही.

ओट्यावर तो शब्द आम्ही सोडला आहे. पण झरा आटवायची तुझी गोष्ट काही खरी नाही. नदीला आता झऱ्याची गरज उरलेली नाही.

तू धीर सोडू नकोस. भाव पुन्हा चढेल, अर्थही चढेल.

चिंतामण

*

अकोला, कार्तिक शुद्ध पौर्णिमा, शके १७८७

चिंतामणपंत यांस दंडवत.

भावाचे राहू दे. हे पत्र मनकर्णासाठी आहे.

दुर्गाच्या माहेरकडून, नांदगाव खंडेश्वरच्या रामरावांच्या मुलाशी तिचे ठरत आले होते. मुलगा चांगला, घर चांगले. सुपारी फुटायचीच राहिली होती. आता तिकडून निरोप येत नाही. दुर्गाचा भाऊ जाऊन आला, तर रामरावांनी जेवू घातले, बैलांची चौकशी केली, पावसाची केली, आणि लग्नाचे काढलेच नाही. का काढले नाही ते तो सांगेना. दुर्गाने हट्टच धरला तेव्हा म्हणाला, "नाव."

दुर्गा तेव्हापासून माझ्याशी फार गोड बोलते. ती भांडत होती तोवर मला धीर होता.

मनकर्णा आता बाहेर खेळायला जात नाही. मी विचारले नाही, तिने सांगितले नाही. पूर्वी कोणी विचारले, कोणाची गं तू, तर मोठ्याने सांगायची. परवा कासारीण आली, तिने विचारले, तर पोरगी म्हणाली, "वलगावच्या पाटलाची." मी आतून ऐकले. खोटे बोलली नाही ती. पण माझे नाव टाळले.

तू शिकलेला आहेस, तुझ्या शब्दाला मान आहे. सूर्यभानला घे आणि एकदा नांदगावला जा. रामरावांना सांग की माझ्यात खोट असेल ती दाखवा, मी भरून देतो. माझ्या नावात खोट नव्हती. ती मी हसत हसत घातली, आणि आता काढता येत नाही.

जानराव

*

अमरावती, मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा, शके १७८७

मित्र जानराव यास नमस्कार.

आम्ही जाऊन आलो. गाडी त्या विहिरीवरून गेली. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिले नाही.

रामराव वाईट माणूस नाही, हे आधी सांगतो. त्याने आम्हाला सन्मानाने बसवले आणि मनातले बोलला. त्याच्याच शब्दांत लिहितो. "गुरुजी, मानूस सोन्यासारका असंन, मी कुठी नाई म्हनतो? पन मांडवात मी व्याह्याले हाक कोन्त्या नावानं मारू? 'या जानराव' म्हटलं का अर्धा मांडव हासंन. अन् उरलेला अर्धा मनात म्हनंन, हे घर आता बसलं."

सूर्यभान चिडला. म्हणाला, "नावात काय ठेवलं हाय पाटील?" रामराव म्हणाला, "तुमीच तिघायनं ठेवलं, अन् मलेच इचारता?"

पण उठता उठता त्याने एक वाट काढून दिली. पौषातल्या संक्रांतीला तो अमरावतीस येणार आहे. म्हणाला, "त्या दिवशी त्यायले येऊ द्या. चार लोकाइसमोर बाजारातून चालत येऊ द्या, तुमच्या ओट्यावर बसू द्या, माह्या हातानं तिळगूळ घेऊ द्या. मानूस दारातून आत आला, हे लोकाइनं पाह्यलं का पुरे. मंग सुपारी तिथंच फोडतो." मला त्याचे म्हणणे पटले. लोकांनी शब्द पाहिला आहे, माणूस पाहिलेला नाही.

तेव्हा संक्रांतीला ये. नवा फेटा बांध, तोच, त्या दिवसासारखा. अंबादरवाज्यातून आत शीर आणि सरळ ओट्यावर ये. दुसरे काही करायचे नाही. फक्त यायचे आहे, जानराव.

चिंतामण

*

अमरावती, पौष, संक्रांतीचा दुसरा दिवस

जानराव,

ओटा सारवला होता. सूर्यभान सकाळपासून वेशीकडे तोंड करून बसला होता. रामराव आला, तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन दिवेलागणीपर्यंत बसला. बाजारातली माणसे येऊन पाहून गेली. शेवटी त्याने डबा उचलला, आम्हाला रामराम केला आणि गाडीत बसला.

तुझा निरोप नाही, माणूस नाही. पोरीसाठीसुद्धा तुझे पाय चालले नाहीत?

जानरावलासच ना शेवटी!

चिंतामण

*

अकोला, माघ शुद्ध चतुर्थी

चिंतामण,

तुझे पत्र मिळाले. मी वाटेत रेंगाळलो, घरी पोचायच्या आधी ते पोचले होते. दुर्गाला वाचता येत नाही हे बरे झाले असे वाटले. पण तिने दुकानदाराकडून वाचून घेतले होते.

मी आलो होतो.

नवा फेटा बांधला होता. मनकर्णाने पदराने धूळ झाडून दिली होती. बडनेऱ्यापर्यंत कापसाच्या गाड्यांबरोबर आलो. संक्रांतीच्या सकाळी अंबादरवाज्यासमोर गाड्यांची रांग लागली होती, माझी गाडी त्या रांगेत होती. ओटा तिथून दिसत नाही, पण ओट्यावरच्या कडुनिंबाचा शेंडा दिसतो. मला दिसत होता.

माझ्या पुढच्या गाडीवानाचे नाक्यावरच्या शिपायाशी काही बिनसले आणि त्याने गाडी रांगेतून काढून मागे वळवली. शिपाई ओरडला, "हा बी जानरावला!" सारी रांग हसली. माझा गाडीवानही हसला, त्याला माझे नाव ठाऊक नव्हते. मग शिपाई माझ्याकडे वळला. चांगला हसरा पोरगा होता, तोंडावर अजून हसूच होते. त्याने विचारले, "हं, तुमचं नाव?"

मला फक्त नाव सांगायचे होते.

चिंतामण, मी तोंड उघडले. खरेच उघडले. समोर वेशीचे दार होते, तेही उघडे. आणि मला दिसले की हे नाव आता माझ्या तोंडून निघाले तर तो हसणार, मागची रांग हसणार, आणि ते हसत हसत माझ्या पुढे ओट्यावर पोचेल. रामरावांसमोर. मी शिपायाला म्हटले, "काही नाही, चुकून या रांगेत आलो." गाडी वळवली.

तू जो शब्द लिहिलास तो बरोबर आहे. मी त्यासाठी दुसरा शोधत होतो, वाटभर शोधला. मिळाला नाही.

मी तुमच्यावर रागावलेलो नाही. हसायचे दिवस होते, आपण हसलो. एवढेच सांगतो, यापुढे पत्रावर माझे नाव घालू नका. गाडीवान ते बाजारातून ओरडत येतो.

*

अकोला, चैत्र शुद्ध अष्टमी, शके १७८८

मित्र सूर्यभान यास चिंतामणचा नमस्कार.

तू अंजनगाव सुर्जीला बहिणीकडे आहेस आणि तिचे बाळंतपण जवळ आले आहे हे जाणून तुला इथे बोलावले नाही. आता सगळे उरकल्यावर लिहितो. जानराव गेला. ताप आला होता. फार नव्हता, पण उतरला नाही. वैद्य म्हणाला, माणसाने थोडी तरी जगायची ओढ धरली असती तर औषध लागू पडले असते.

त्याच्या त्या पत्राला मी लगेच उत्तर लिहिले होते. चूक कबूल केली होती, पाया पडतो असे लिहिले होते. त्याच्या म्हणण्याप्रमाणे वर नाव घातले नाही. गाडीवानाने ते महिन्याने परत आणून दिले. म्हणाला, "गुरुजी, कोनाले द्याचं होतं, तेच समजलं नाई." ते अजून माझ्या बंडीच्या खिशात आहे. आता कोणाला देऊ, तू सांग.

काल दहावा झाला. मोर्णा नदीच्या काठी त्याचा भाऊ उद्धव, वलगावची चार माणसे, वखारीतले दोघेतिघे, आणि मी. रामराव नांदगावहून आला होता. त्याने उद्धवला बाजूला घेऊन सांगितले की मनकर्णा मला पसंतच होती, वर्षाच्या आत लग्न उरकून घेऊ. मग माझ्याकडे पाहून खाली आवाजात म्हणाला, "गुरुजी, आता हाक माराची पाळीच नाई ना." त्याच्या डोळ्यांत पाणी होते. तो दुष्टपणाने बोलला नाही, सूर्यभान. जे नाव तीन गावांच्या माणसांना अडवत होते ते मरून आपणच वाटेतून दूर झाले, आणि पोरीला घर मिळाले.

पिंड ठेवला. समोर बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. ऊन वाढले. कशात जीव अडकला असेल म्हणून उद्धवने हात जोडले आणि म्हणाला, "भाऊ, मनकर्णाचं लगन मी लावतो. माह्या पोरीसारकं लावतो." कावळे हलले नाहीत. वहिनींना अंतर देणार नाही म्हणाला. हलले नाहीत. माणसे माझ्याकडे पाहू लागली, कारण मित्र मी होतो.

मी पुढे झालो. हात जोडले आणि साऱ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "जानराव, तो शब्द यापुढे माझ्या तोंडातून निघणार नाही. मरेपर्यंत नाही."

तेव्हा एक कावळा खाली आला. टुणटुण उड्या मारीत पिंडाजवळ गेला. अगदी जवळ. त्याने मान लांबवली, चोच उघडली. आणि तो तसाच मागे वळला आणि उडून पुन्हा बाभळीवर जाऊन बसला.

आणि मी म्हणालो, "जानरावला."

मी बोललो हे मला नंतर कळले. उद्धव माझ्या शेजारी होता, डोके भादरलेले, अंगावर ओले धोतर. पिंडावरची नजर न काढता तो म्हणाला, "हाव. जानरावला." मागे कोणीतरी सुस्कारा टाकला. कोणी हसले नाही, सूर्यभान. एकही माणूस हसला नाही. सगळ्यांना नुसते कळले.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

लग्न वैशाखात आहे. तू ये. मांडवात पोरीच्या बापाच्या जागी उद्धव बसेल. मी ओट्यावर बसत नाही आता.

चिंतामण